पितळी टोपण

गिझर रिकामा करून ठेवलाय असं गिऱ्हाईक सांगतं, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. या धंद्यातली ही पहिली गोष्ट मी छातीवर शिकलो. शर्टाची वरची दोन बटनं काढली तर ती अजून दिसते.

मी मूळचा धामणगाव रेल्वेचा. आयटीआय झाल्यावर अमरावतीला एका उस्तादांच्या हाताखाली लागलो होतो. सहा महिने त्यांच्यासाठी स्टूल धरलं, पाने पुसले आणि आपल्याला आता सगळं येतं अशी खात्री करून घेतली. उस्ताद आजारी पडले त्या आठवड्यात एका प्राध्यापकांच्या घरी गिझरची कॉइल बदलायला एकटाच गेलो. सर दारातच म्हणाले, "या, तुमचं अर्धं काम मी करून ठेवलंय." गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद केला, गरम पाण्याचा नळ सोडला, धार थांबेपर्यंत वाहू दिली, आता गिझर रिकामा. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी शहानिशा केली नाही. खालच्या बाजूचे पाचपैकी चार नट ढिले केले आणि पंचवीस लिटर गरम पाणी माझ्या अंगावर आलं. बटन सरांनी मी बेल वाजवल्यावर बंद केलं होतं, हे नंतर कळलं. सरांनी बर्नॉल दिलं, चहा दिला आणि जाताना विचारलं की आतमध्ये पाणी आलं कुठून.

ज्यांनी गिझर फक्त बाहेरून पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. थंड पाणी टाकीत खालून शिरतं. गरम पाणी बाहेर पडतं ते टाकीच्या आत डोक्यापर्यंत उभ्या असलेल्या एका नळीच्या तोंडातून, म्हणजे वरून. खालून पाणी येणं बंद झालं की वरून जाणंही थांबतं आणि नळ कोरडा पडतो. लोकांना वाटतं टाकी रिकामी झाली, आणि ती तर गळ्यापर्यंत भरलेली असते. खरा रिकामा करायचा तर आधी वीज बंद करायची, नुसतं बटन नाही, मेन. पाणी निवू द्यायचं. वॉल बंद करायचा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा म्हणजे त्या वाटेने हवा आत शिरते, आणि मग थंड पाण्याची जोडणी खालून सोडून बादली धरायची. एवढंच काम. पण घाईने केलं तर दवाखाना.

लग्नानंतर अकोल्याला आलो आणि उरलेली सगळी वर्षं अकोल्यातच गेली. अमरावतीच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे मधूनमधून जायचो, पण पोट अकोल्यानेच भरलं, आणि खरं सांगायचं तर अकोल्याच्या पाण्याने भरलं. आमचा हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि गिझरात ते तापलं की क्षार तळाशी बसतो. दोन वर्षं उघडला नाही तर आतून पांढरट चिखल निघतो, चार वर्षं उघडला नाही तर छिन्नी लावावी लागते. कॉइलवर एवढा जाड थर बसतो की वीज जळत राहते आणि पाणी कोमट. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो की वर्षातून एकदा गिझर रिकामा करून धुऊन घ्या. लोक मान डोलवायचे. गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करतील, पण डोक्यावर टांगलेल्या टाकीची कधी नाही. बंद पडला की मात्र रविवारी सकाळी सातला फोन, आणि पाहुणे आलेत भाऊ, लवकर या.

या कामात माझा हात चांगला होता. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. प्लंबर गिझरला हात लावायला भितो कारण वीज आहे, वायरमन भितो कारण पाणी आहे. मला दोन्हीची भीती नव्हती. नुसत्या आवाजावरून मी आतला थर ओळखायचो. पण या चांगल्या हाताने मी एक काम असं केलं की त्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

पाणी तापलं की फुगतं. टाकीत त्याला जागा नसते. म्हणून थंड पाणी जिथून आत शिरतं तिथे कंपनीने एक छोटा व्हॉल्व्ह दिलेला असतो. तो पाण्याला आत येऊ देतो, मागे जाऊ देत नाही, आणि आतला दाब वाढला तर बाजूच्या चोचीतून थेंब थेंब पाणी बाहेर सोडतो. तेवढं ठिबकणं म्हणजे गिझर सुखरूप असल्याची खूण. पण नळ पाच-सहा दिवसांनी येणाऱ्या गावात थेंबाकडे पाहण्याची लोकांची नजर वेगळी असते. आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जातं, कपड्यांचं पाणी संडासात जातं. अशा घरात न्हाणीच्या फरशीवर रोज अर्धा लोटा पाणी ठिबकून जातंय हे कोणाला सहन होणार? मी पोटतिडकीने समजावून सांगायचो. ऐकून झाल्यावर बाई म्हणायची, ते सगळं खरं हाये भाऊ, पण हे बंद करून द्या.

मग मी बंद करून द्यायला लागलो. त्या चोचीच्या आट्यांवर बरोबर बसणारं एक पितळी टोपण मला बाजारात सापडलं होतं. टेफ्लॉनची टेप गुंडाळायची, टोपण फिरवायचं, पान्याने शेवटचं आवळून घ्यायचं. दोन मिनिटांत थेंब बंद. दुसरे मेकॅनिक सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचे, लाकडाची खुंटी ठोकायचे. ते आठ दिवसांत निघायचं. माझं टोपण कधी निघालं नाही. वानखडेभाऊंचं काम म्हणजे पक्कं काम, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

तुम्ही विचाराल, मग गिझर फुटले का नाहीत. नाही फुटले. पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट असतो. तो बिघडला तर त्याच्यामागे कट-आउट असतो. हे दोघे जागेवर आहेत तोवर टाकी कसाबसा दाब सोसते. मला हे माहीत होतं. म्हणजे दोन पहारेकरी उभे आहेत म्हणून तिसऱ्याला मी घरी पाठवून देत होतो.

गावंडे काकूंच्या घरी मी ते टोपण बसवलं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. काकू मोठ्या नीटनेटक्या. नळ आला की घरातलं प्रत्येक गंज-पातेलं, प्रत्येक कळशी भरून ठेवणार. काकांची दर्यापूरकडे शेती, ते आठवड्यातले चार दिवस तिकडेच. मुलगी प्रीती, तिला अमरावतीला दिलेली. जावई नांदगाव पेठेच्या एका कापडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. गेल्या हिवाळ्यात प्रीती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्याआधी दोन महिने मी काकूंना म्हणालो होतो की घरात बाळंतीण येणार, गिझर रात्रंदिवस चालेल, एकदा रिकामा करून साफ करून घेऊ. त्या म्हणाल्या, आता घरात पसारा नको, बाळंतपण होऊ द्या, मग निवांत करू.

त्या दिवशी मी बाळापूरला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला गेलो होतो. साडेआठच्या सुमाराला काकूंचा फोन आला. बाळाच्या अंघोळीसाठी नळ सोडला तर पाण्याआधी नुसती वाफ येते, फसफसते, आणि मग पाणी येतं, हे काय झालं असेल? मी वर पाहत, पाना दातात धरून बोलत होतो. म्हटलं, बटन बंद करून ठेवा, दुपारी येतो, रिकामा करून पाहू. काकू म्हणाल्या, "जावईबापूनं रविवारी सुधरवला ना. आधी मधातच बंद पडे. आता कसं मस्त कडकडीत पाणी येते." मी हो हो म्हणून फोन ठेवला.

व्यापाऱ्याच्या गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकत होता. मी स्टुलावर उभा राहून जोडणी सोडत होतो आणि एक थेंब माझ्या मनगटावर पडला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मधेच बंद पडत होता, म्हणजे कट-आउट तोडत होता. कट-आउट तोडत होता, म्हणजे थर्मोस्टॅट आधीच गेलेला होता. आणि जावयाने सुधरवला, म्हणजे काय केलं असेल? कट-आउटच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून डायरेक्ट केला असेल. कारखान्यात मशीन अडलं की शिफ्ट निघेपर्यंत असंच करतात. आता त्या घरात पाणी किती तापावं याला काही धरबंधच उरला नव्हता, आणि चोचीवर माझं टोपण होतं.

मी लगेच काकूंना फोन लावला. नुसती रिंग गेली. परत लावला, तेच. काकांना लावला तर शेतात रेंज नाही. जावयाचा नंबर माझ्याकडे नव्हता. व्यापाऱ्याचा गिझर अर्धा उघडा, खाली बादली, आणि मी गाडीची किल्ली शोधत होतो. तो बिचारा मागे मागे विचारत आला की भाऊ, काहून चालले, माझं काम कोण करन? मी गाडी सुरू केली.

बाळापूर ते अकोला रस्ता मी हजार वेळा गेलो असेन. त्या दिवशी प्रत्येक ट्रक माझ्याच पुढे आडवा आल्यासारखा वाटत होता. दोनदा गाडी थांबवून फोन लावला. मनाची समजूत घालत होतो की त्यांनी बटन बंद केलं असेल, सांगितलं आहे ना आपण. आणि दुसरं मन म्हणत होतं, बाळंतिणीच्या घरात कोण गरम पाणी बंद ठेवतं? आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला रोज तेल चोळतात, शेकतात आणि अंगाला चटका बसेल इतक्या गरम पाण्याने न्हाऊ घालतात. त्यात खंड पडला तर पुढे जन्मभर कंबर दुखते असं मानतात. न्हाऊ घालायला येणाऱ्या कमलाबाई माझ्या ओळखीच्या होत्या. पाणी कोमट असलं तर ती बाई घरमालकिणीला बोलायला कमी करायची नाही.

पोचलो तेव्हा काकू पुढच्या खोलीत मांडीवर बाळ घेऊन बसल्या होत्या. बाळ उठू नये म्हणून फोनचा आवाज बंद करून उशीखाली ठेवलेला. मी चपलांसकट आत शिरलो, त्याकडे त्यांनी पाहिलं. मी विचारलं, गिझर बंद आहे ना? त्या म्हणाल्या, केला होता, पण कमलाबाई आली, तिने पुन्हा लावला, प्रीतीची अंघोळ चालू आहे, तुम्ही बसा, चहा ठेवते. तोवर मला आवाज आला होता. मधल्या बोळातून, न्हाणीच्या बंद दारामागून, घट्ट वरण रटरटल्यासारखा आवाज. आयुष्यभर मी गिझरांचे आवाज ऐकले, हा ऐकला नव्हता.

मेन स्विच बोळातच होता. तो मी खाली ओढला. आवाज कमी झाला नाही. होणारही नव्हता, पाणी आत कोंडलेलं, उकळण्याच्या पलीकडे गेलेलं, नुसत्या दाबाने पाणी म्हणून राहिलेलं. आता त्याला एक जरी वाट मिळाली असती तर ते वाफ होऊन बाहेर पडलं असतं. आणि वाट दोनच होत्या. एक म्हणजे खारट पाण्याने खाल्लेल्या टाकीच्या जोडातून. दुसरी म्हणजे गरम पाण्याचा नळ, जो त्या दोघींच्या हातापाशी होता. गिझर दाराच्या वर, आणि दारापासून दोन हातांवर प्रीती पाटावर बसलेली.

मी दार वाजवलं. म्हटलं, कमलाबाई, नळाला हात लावू नका, जशा आहात तशा दोघी बाहेर या. माझा आवाज आत पोचलाच नाही. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीत फडकी कोंबली होती, वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावला होता. मी पुन्हा ओरडलो. मग कमलाबाईंचा आवाज आला, तोही चिडलेला. बाळंतीण ओली आहे, तेल अंगावर आहे, शेवटचं पाणी घेतल्याशिवाय बाहेर आणत नसतात, आणि तुम्ही पुरुष माणूस न्हाणीच्या दाराशी कशाला उभे?

काकूही मागून आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण भीतीने नाही, माझी लाज वाटून. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मेन तर बंद केला ना तुमी? मंग पाच मिनिटं थांबा. न्हाणं अर्धं टाकून उठवत नाईत बाळंतिणीले."

मी त्यांना दाब सांगितला, वाफ सांगितली, जावयाने काय केलं असेल ते सांगितलं. जावयाचं नाव काढलं तशी त्यांची मान ताठ झाली. जावई इंजिनियर माणूस, तो चुकीचं करेल आणि हा स्टुलावर चढणारा माणूस आपल्याला शिकवेल, असं त्या बोलल्या नाहीत, पण मला ते दिसलं. इतकी वर्षं लोकांनी मला असंच पाहिलं आहे. मेकॅनिक घाबरवतो आणि नवीन सामान गळ्यात मारतो. माझ्या घाबरण्याची किंमत कोणी करत नव्हतं, कारण मीच आजवर प्रत्येकाला घाबरवून झाल्यावर त्याला हवं ते करून दिलं होतं. आतून पितळी घंगाळ सरकवल्याचा आवाज आला. म्हणजे शेवटचं पाणी घ्यायची तयारी.

तेव्हा मी ते बोललो. ओरडून नाही. "काकू, त्या गिझरची वाफ जायची वाट मी बंद केली हाये. तुमच्या समोर टोपण बसवलं होतं, आठवते? ते चुकीचं हाये हे मले माहीत होतं. तरी बसवलं. आता नळ उघडला तर प्रीती भाजन."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. मग त्यांनी दारावर तळहात मारला आणि ज्या आवाजात त्या आजवर कधी बोलल्या नसतील त्या आवाजात म्हणाल्या, "प्रीती, ऊठ. हाय तशी बाहेर ये. कमला, नळाले हात लावला तर याद राख."

कडी उघडली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून ओली पावलं गेली, धुरीचा आणि तेलाचा वास आला. कमलाबाई सगळ्यात शेवटी बाहेर पडल्या आणि माझ्याजवळ थबकल्या. "म्या नळ पकडलाच होता," एवढंच त्या म्हणाल्या.

बाळंतिणीला घराबाहेर काढू देईनात, म्हणून सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं, मधलं दार लावून घेतलं आणि मी बोळाच्या या टोकाला खुर्ची टाकून बसलो. काही करण्यासारखं नव्हतं. अशा वेळी काही करायचं नसतं, हेच या कामातलं सगळ्यात अवघड. थंड पाणी सोडायचं नाही, नळ उघडायचा नाही, ठोकायचं नाही, निवू द्यायचं. अर्ध्या तासाने आवाज उतरला. एक वाजेपर्यंत मी जागचा उठलो नाही. काकूंनी आतून जेवणासाठी विचारलं, मी नको म्हटलं. तीन वाजता न्हाणीत गेलो. गिझरचा खालचा पत्रा बाहेरच्या बाजूला फुगला होता. जोडावर एक बारीक ओली रेघ होती, बाभळीच्या काट्याएवढी. तिथूनच तो सुटणार होता.

ओला टॉवेल गुंडाळून लांब पान्याने टोपण अर्धा आटा मागे घेतलं. बराच वेळ नुसती फुस्स अशी हवा येत राहिली, मग पाणी. माझं टोपण सहजासहजी निघत नव्हतं. पक्कं काम होतं. ते निघाल्यावर नळ उघडला, जोडणी सोडली, बादली धरली. आधी गढूळ पाणी आलं, मग पांढरा चिखल, मग खडे. दोन बादल्या. ज्या नळीत थर्मोस्टॅट बसतो ती क्षाराने पूर्ण बुजली होती, आणि कट-आउटच्या वायरी मला वाटलं होतं तशाच एकत्र पिळलेल्या होत्या. प्रीती यायच्या आधीच हट्टाने हे काम केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि टोपण नसतं, तर नुसती फरशी गरम झाली असती.

काकूंनी मला दोष दिला नाही. उलट गल्लीभर सांगत सुटल्या की वानखडेभाऊ देवासारखा धावून आला. बारशाला घरी येऊन आमंत्रण दिलं. मी एकदा म्हणालो की काकू, असं सांगू नका, चूक माझी होती. तर म्हणाल्या, मीच लावायला सांगितलं होतं ना, तुम्ही काय करणार? त्यांचं मन मोठं. पण त्यांनी सांगितलं ते न कळून सांगितलं, आणि मी केलं ते कळून केलं. बारशाचा पेढा मी न खाता खिशात घालून घरी आणला.

प्रीती मात्र वेगळं बोलली. त्याच दिवशी, मी सामान भरून निघत होतो तेव्हा. डोक्याला फडकं बांधलेलं, अंगावर शाल, बाळ पदराखाली. तिने माझ्या हातातलं टोपण मागून घेतलं, तळहातावर ठेवून उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, रागावेल. जावयाबद्दल मी काही बोलू नये म्हणून विनंती करेल, असंही वाटून गेलं. ती हळूच म्हणाली, "भाऊ, हे अजून कोणाकोणाच्या घरी लावलं तुमी?"

गिऱ्हाइकांची वही मी कधी ठेवलीच नाही. सगळं डोक्यात, असं अभिमानाने सांगायचो. दुसऱ्या दिवसापासून मी ते डोकं उकरायला बसलो. गल्ल्या आठवल्या, जिने आठवले, एका घरचा कुत्रा आठवला, नावं आठवेनात. नवीन काम घेणं मी त्याच दिवशी बंद केलं. तेव्हापासून सकाळी पान्यांची पिशवी घेऊन निघतो आणि दारं वाजवतो. टोपण काढतो, त्या जागी तीन फुटांची पातळ नळी लावून तिचं तोंड खालच्या बादलीत सोडतो. ठिबकलेलं पाणी बादलीत जमतं, कपड्यांना वापरता येतं, एक थेंब वाया जात नाही. इतकं सोपं होतं ते. लोकांशी वाद न घालता पहिल्या दिवशीच ही नळी लावून दिली असती तर कोणी नाही म्हटलं नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही याची मला जेवढी लाज वाटते तेवढी टोपणाचीही वाटत नाही.

सगळेच दार उघडतात असं नाही. एका गृहस्थांनी अमरावतीला मला जिन्यावरूनच परत पाठवलं. इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होते, तुम्हाला आता काम मिळत नसेल म्हणून हिंडता, असं म्हणाले. मी चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी ते घरी नसताना काढू दिलं. काही घरं विकली गेली. काही ठिकाणी भाडेकरू आहेत, मालक पुण्याला. एका इमारतीत तर मी मजलाच विसरलो. तीनही मजल्यांवरच्या न्हाण्या पाहिल्या, कुठेच नव्हतं, आणि ते नसल्याचा आनंद झाला नाही, कारण मग ते आहे कुठे?

आतापर्यंत एकवीस काढली. ती एका डब्यात आहेत. अजून किती राहिली मला माहीत नाही. गुडघे आता स्टुलावर चढू देत नाहीत आणि आठवणही थकली आहे. संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत, पण त्या लिहिल्या नाहीत त्याबद्दल त्यांनी रागावू नये. हा अंक अकोल्यात आणि अमरावतीत माझ्या पिशवीपेक्षा जास्त घरांत जाईल, म्हणून लिहिलं.

तुमच्या न्हाणीत आता जा. गिझरच्या खाली, थंड पाण्याची नळी जिथे आत शिरते तिथे, बाजूला चिमटीएवढं पिवळं टोपण दिसलं, तर ते स्वतः काढू नका. मेन बंद करा, घरातल्या सगळ्यांना सांगा की नळाला कोणी हात लावायचा नाही, आणि पाणी पूर्ण निवल्यावर ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा कोणालाही बोलवा. मला बोलवायची गरज नाही. फक्त निघालं, एवढं मला कुणाकडून तरी कळवा.